वर्तुळ गृहीत धरून

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्रपाळीत,
मी आधी रोल गोल आहे असं धरते.
धरावंच लागतं. कुठून तरी सुरुवात हवी.
गोल रोलवरून दाब निघतो,
दाबाने रोल चपटतो,
चपट्या रोलची नवी त्रिज्या,
नव्या त्रिज्येवरून नवा दाब,
आणि त्या दाबाला पुन्हा नवा रोल.
चार फेऱ्यांत आकडे जवळ येतात
भांडून थकलेल्या भावंडांसारखे,
मी रकान्यात टन लिहिते आणि चहा घेते.

हे जाड पट्टीचं.

आज भूपाल मगदूम पन्नास मायक्रॉन कबूल करून बसलेत.
कुणाला, ते सांगत नाहीत.
पन्नास म्हणजे केसाहून पातळ,
तासगावचं द्राक्ष जिभेने सोलावं
आणि साल दाताला चिकटून राहावी, तसलं काहीतरी.

पट्टी ऐंशीवर अडलीय.
नऊ वाजल्यापासून.
दस्तगीर मुजावर स्क्रू खाली घेतो,
लोड चढतो, एकशे दहा, एकशे तीस टन,
मायक्रोमीटर म्हणतो ऐंशी.
स्टँडचे खांबसुद्धा नकळत ताणले जातात,
घराला आतून कुणी रेटावं तसे.
ऐंशी.
लॅपटॉपवर माझी सदतिसावी फेरी.
त्रिज्या वाढतेच आहे, थांबत नाही,
कागदावरचा रोल आधी गाडीच्या चाकाएवढा झाला,
मग शेडएवढा,
आता मिरज जंक्शनच्या फलाटाला टेकेल.

"म्याडम," हात पुसत दस्तगीर म्हणतो,
"आता आपन पट्टी न्हाई दाबालोय.
रोल रोलला दाबालाय.
पट्टी मधी नुसती साक्षीला."

मी वर्तुळ खोडते.
दोन रोलांच्या चाव्यात, मधोमध,
एक सपाट जागा काढते.
आत येताना पट्टी रोलच्या मागे रेंगाळते,
बाहेर पडताना पुढे पळते,
या दोन्हींच्या मध्ये माझ्या वहीत आजवर
एकच बिंदू होता, दोघांचा वेग सारखा असलेला.
आज तो बिंदू पसरून ओटा झालाय.
सगळ्यात जास्त दाब त्या ओट्यावर
आणि तिथेच काही घडत नाही.
पट्टी घसरत नाही, पातळ होत नाही,
रोलला बिलगून, त्याच्याच चालीने
गुमान पार होते.

समीकरण जुळलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.
आनंद व्हायचा राहूनच गेला,
कारण उत्तर होतं: दाबून होणार नाही.

पुढचं दस्तगीरला आधीच ठाऊक होतं.
त्याने मनगटाएवढे बारीक रोल चढवले,
रोहिदास आवळ्याने कालच घासलेले,
मधे दिसणारही नाही इतकंसं पोट ठेवून,
लोडखाली वाकले की सरळ व्हावेत म्हणून.
पाठीशी जुने जाड रोल उभे केले.
तेल बदललं, ज्याचा वास केसातून दोन दिवस जात नाही.
"लोड उतरवा. आता मागनं धरायचं, म्होरनं वडायचं."

माझ्या वहीत याला ताण म्हणतात.
एकक तेच, आकडा तोच.
तरी त्या रकान्यावर मी
ओढ असं लिहिलं, का कोण जाणे.

सत्तर.
चौसष्ट.
अठ्ठावन्नला आम्ही दोघंही बोलायचं थांबलो.
बावन्नला ती तुटली,
असा आवाज करून की गेटवरचा वॉचमन काठी घेऊन आला.

मगदूम सकाळी बावन्न बघतील
आणि पन्नास कुठाय म्हणतील. म्हणू देत.
दस्तगीरने तुटलेलं टोक ट्यूबलाइटखाली धरलं,
त्यात त्याची मिशी दिसली, जरा लांबट.

नंतर रोल उतरवून ठोकळ्यांवर ठेवला.
मी घड्याळी गेज लावून पुरता फिरवला,
काटा हलला नाही.
गोल. अगदी गोल.
रात्रभर याचं काय झालं होतं
याची कुठेही खूण नव्हती.

हात लावून बघितला.
नुसता कोमट होता.